धीरांक

तनिष्काच्या मनगटावर कडं चढलं त्या दिवसापासून मगदुमांच्या घरात तिच्याशी कुणी गोड बोलायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं ते तिच्या आईबापांत. तिला त्याचा पत्ता नव्हता.

खरं म्हणजे ठरवलं आईनं. डॉक्टर पद्मजा मगदूम. डॉक्टर म्हणजे जनावरांची. जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांत म्हैस अडली की लोकांच्या तोंडी पहिलं नाव पद्मजाताईंचं यायचं. बिथरलेलं जनावर तिच्या हाताखाली शांत होतं असा बोलबाला होता, आणि तो खराही होता. मानेवर तळहात टेकवायचा, घाई करायची नाही, तोंडानं काहीतरी पुटपुटत राहायचं, एवढीच तिची विद्या. नवरा भरतेश साखर कारखान्यात इंजिनिअर. भांडण नको म्हणून निम्मं आयुष्य ‘बरं’ म्हणत काढलेला माणूस. आणि एकुलती एक मुलगी तनिष्का, घरची तनू. तिनं बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत सपाटून मार खाल्ला होता.

निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी फोन आला तो भरतेशच्या वहिनीचा, सुलोचनाचा. “अगं, व्हायचंच असं कधीकधी. आमच्या श्रेयाचा नंबर लागला म्हणून पेढे पाठवणार होते, पण म्हटलं आत्ता नको, तुम्हाला वाईट वाटेल.” हे सांगायला तिनं फोन केला होता. पद्मजानं ‘अभिनंदन हं’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ओट्यावरचं भांडं इतक्या जोरात आपटलं की तनू आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. हातात राहिली फक्त स्पॉट फेरी, म्हणजे शेवटी उरलेल्या जागांची जत्रा. कोकणात समुद्राकाठी नवं विद्यापीठ निघालं होतं. तिथं समुद्रशास्त्राच्या थोड्या जागा शिल्लक होत्या. गंमत म्हणजे तनूला पहिल्यापासून तेच हवं होतं. सातवीच्या सहलीत ती ओहोटीच्या खडकांवर पालथी पडून एका डबक्यातले खेकडे बघत बसली होती आणि बस सुटायची वेळ झाली तरी उठेना, म्हणून बाईंनी घरी तक्रार केली होती. तेव्हा पद्मजा म्हणाली होती, “खेकडे बघून कुणाचं पोट भरत नाही.” आता तीच पद्मजा त्या जागेसाठी देव पाण्यात घालून बसली होती.

पण ही जागा गुणांवर मिळणार नव्हती. ती धीरांकावर मिळणार होती.

त्याचं असं झालं होतं. स्पॉट फेरीत घाईघाईनं आलेली पुष्कळ मुलं पहिल्याच वर्षी विद्यापीठ सोडून जात आणि जागा वाया जाई. कोण टिकेल आणि कोण पळेल हे गुणांवरून कळत नव्हतं. मग काही संशोधकांनी शरीराकडे पाहिलं. भीती वाटली की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. ते थोडंफार घामातही उतरतं. पूर्वी ते मोजायचं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागे. आता मनगटातल्या कड्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पातळ पट्टी कातडीच्या ओलीवरूनच ते सतत मोजत राहायची. जोडीला नाडीचे ठोके आणि तळहाताचा दमटपणा. कॉर्टिसॉल सावकाश बोलतं, नाडी लगेच बोलते. तिन्हींची मिळून एक रेघ बने, तिला सगळे ताणरेघ म्हणत.

आता माणूस भेदरलेला असताना त्याच्या विश्वासाचं कुणी शेजारी येऊन बसलं, तर ही रेघ खाली येते. धोक्यावर पहारा ठेवायचं काम मेंदू तेवढ्यापुरतं शेजारच्यावर सोपवतो आणि स्वतः जरा टेकतो. ज्या मुलांची रेघ आईबापांच्या सोबतीत चांगली उतरायची, ती पुढं वसतिगृहात टिकायची, कारण अडचण आली की ती घरी फोन करायची. ज्यांची रेघ जागची हलायची नाही, ती पहिल्या नापास पेपरनंतर कुणाला न सांगता गाशा गुंडाळायची. म्हणून नियम झाला. प्रत्येकाचं शरीर वेगळं, तेव्हा आधी आठवडाभर कडं घरी घालायचं आणि घरची सरासरी काढायची. मग विद्यापीठात मुलाला अवघड चाचणी द्यायची, शेजारी आई किंवा बाप बसवायचा. घरच्या सरासरीतून त्या खोलीतला आकडा वजा केला की उरेल तो धीरांक. ज्याचा मोठा, त्याला जागा. जागा लागली की तिथूनच वर्गात हजर व्हायचं, आणि पहिलं सत्रभर कडं हातातच ठेवायचं, म्हणजे पोर खचायला लागलं तर विद्यापीठाला आणि पालकांना फोनवर दिसेल.

शास्त्र चोख होतं. फक्त ज्यांनी ते शोधून काढलं त्यांची आपल्याकडच्या पालकांशी गाठ पडलेली नव्हती.

कड्याआधी क्लास निघाले. सांगलीला विश्रामबागेत आवटी सरांचा ‘धीर’ नावाचा वर्ग होता. मुलांचा नव्हे, पालकांचा. तिथं प्रत्येक पालकासमोर टेबलावर एक रबरी हात ठेवलेला असायचा आणि त्यावर आपला हात कसा ठेवायचा याचा सराव चालायचा. दाबायचा नाही, थोपटायचा नाही, नुसता टेकवायचा. “बाळा, काही झालं तरी आम्ही आहोत,” हे वाक्य बत्तीस तोंडांतून एका सुरात बाहेर पडायचं, आणि ‘आम्ही’वर जोर देणाऱ्यांना सर थांबवायचे. पद्मजाला पहिल्या दिवशी हसू आलं. जन्मभर तिनं हेच केलं होतं, तेही लाथ मारणाऱ्या जनावरांबरोबर.

शेवटच्या तासाला सरांनी दार लावून घेतलं.

“आता जरा कामाचं बोलू या. धीरांक म्हणजे काय? वजाबाकी. त्या खोलीतला आकडा तुम्ही खाली खाली किती नेणार? त्याला मर्यादा आहे. मग राहिलं काय?”

सरांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“वरची संख्या मोठी करा की हो! घरची सरासरी. आठवडाभर घर जरा तापू दे. मी काही मारा-झोडा म्हणत नाही. नुसतं बोलण्यातनं. मग तिथं खोलीत तुम्ही एकदम मायेनं हात ठेवला, की पोरगं धाडकन निवतं. गेल्या वर्षी आपली पोरं अशीच लागली.”

मागच्या बाकावरच्या एका गृहस्थानं विचारलं, “आणि पोरांना कळलं तर?”

“कळू द्यायचं नाही. कळलं की खेळ खलास.”

पद्मजानं तिथून उठायला हवं होतं. धास्तावलेली म्हैस पान्हा चोरते, आणि एकदा चोरायला लागली की मग तिला कितीही गोंजारा, धार लागत नाही, हे ती गोठ्यागोठ्यातून ओरडून सांगत आली होती. त्यासाठी दांडकी हातातून काढून घेऊन तिनं भल्याभल्यांना झापलं होतं. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढं सुलोचनाचे न पाठवलेले पेढे होते. तिनं हात वर केला आणि विचारलं, “सर, एक आठवडा पुरेल?”

घरी आल्यावर भरतेश म्हणाला, “आपल्याला नाही जमायचं हे, पद्मा. पोरगी आधीच खचलीय.”

“तुम्हाला काही करायचंच नाही. नुसतं गप्प बसायचं. ते तर जमतंय ना?”

“आणि नंतर?”

“नंतर जागा लागली की सांगू की तिला. हसेल ती पण.”

“बरं,” भरतेश म्हणाला.

मगदुमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा जैन रिवाज भरतेशच्या आजोबांपासून मोडलेला नव्हता. त्यामुळे संध्याकाळी उन्हं उतरायला लागली की तिघंही टेबलाशी यायची, आणि काम आहे, नंतर जेवतो, असं म्हणून टळायची कुणाला सोय नव्हती. पद्मजानं हीच वेळ निवडली.

“श्रेया पुण्याला निघाली परवा,” ती पोळी वाढता वाढता म्हणाली.

“चांगलं झालं की,” तनू म्हणाली.

“चांगलं झालं की! तुला काहीच वाटत नाही?”

“काय वाटायला पायजे?”

“लाज.”

तनूनं मान वर करून आईकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. बाप आमटीत काहीतरी शोधत होता. पद्मजानं मांडीवरच्या फोनकडं नजर टाकली. पालकांच्या फोनवर ताणरेघ दिसायची सोय होती. रेघ चढत होती. आता ताप किती आहे हे बघावं तसं ती बघत राहिली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, हे आपल्याला जड जाईल. गेलं नाही. नाटकाचे संवाद पाठ करावे लागतात. तिला एकही पाठ करावा लागला नाही. क्लासच्या बाहेर मोबाईल घेऊन उभी असलेली तनू, ‘पेपर सोपा होता’ म्हणून सांगणारी तनू, अभ्यासाच्या पुस्तकाखाली शंखशिंपल्यांचं पुस्तक लपवणारी तनू, सगळं तिच्याकडं वर्षानुवर्षं जमा होतं. नुसतं दार उघडायचा अवकाश होता. एक दिवस आळशीपणावरून झाला, एक दिवस खोटेपणावरून. एक दिवस तनू आरशापुढं केस विंचरत होती, तेव्हा पद्मजा जाता जाता म्हणाली, “तोंड बघण्यापेक्षा गुणपत्रिका बघ.” हे बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन तिला जरा हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तिला आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याची वाट पाहिली.

तनू आधी उलट बोलायची. मग थोडं बोलायची. मग नुसतं ‘हं’ म्हणायला लागली. रेघ मात्र वरच होती. पद्मजानं ती आवटी सरांच्या फोनलाही जोडून दिली होती, आणि ते रोज अंगठा पाठवत होते.

आठवडा संपत आला त्या संध्याकाळी तनूनं ताट अर्धवट सरकवलं.

“अन्न टाकायचं नाही,” पद्मजा म्हणाली. “दिवसभर कमवायला मी जाते, तू नाही.”

“मी मागितलं नव्हतं.” तनू म्हणाली. “मी काहीच मागितलं नव्हतं तुझ्याकडं. तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी एवढं करायला?”

“कुणी सांगितलं होतं? ऐक मग. तू पोटात होतीस तेव्हा मला मुंबईला एम.व्ही.एस्सी.ची जागा लागली होती. शस्त्रक्रियेची. अशीच, अगदी शेवटच्या फेरीत. मी सोडली. डोळ्यांत पाणी आलं नाही त्या दिवशी, आज येतंय. ती जागा सोडून मला काय मिळालं? हे.”

‘हे’ म्हणताना तिनं हनुवटीनं तनूकडं दाखवलं.

“पद्मा,” भरतेश म्हणाला. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तो बोललेला हा एकच शब्द.

तनू उठली. सरकवलेलं ताट तिनं पुन्हा पुढं ओढलं, उभ्या उभ्या दोन घासांत संपवलं, धुऊन जागेवर ठेवलं. “मला हे माहीत नव्हतं,” एवढं म्हणाली आणि आत गेली. फोनवरची रेघ कधी नव्हे इतकी वर गेली होती. पाठोपाठ सरांचा संदेश आला: ‘ताई, अप्रतिम! आता फक्त खोलीत निववा.’ पद्मजानं फोन पालथा ठेवला. आपण नाटकात नसलेलं बोललो हे तिला कळलं होतं. पण आठवडा संपला होता आणि जागा अजून लागायची होती, म्हणून तिनं ते कळणंही पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. तनूची बॅग डिकीत मावेना.

“एवढं काय भरलंयस? कोकणात स्वेटर कशाला लागतोय?” भरतेशनं विचारलं.

“असू दे, पप्पा.”

आवटी सरांचं सांगणं होतं, घाट लागला की मायेला सुरुवात करा, त्याआधी नको. आंबा घाटाच्या पहिल्या वळणावर पद्मजा मागं वळली. “मळमळतंय का गं बाळा? आलेपाक देऊ?”

तनूनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं ओळखीच्या घरात अनोळखी कुत्रं दिसल्यावर पाहतात. “नको,” ती म्हणाली आणि काचेला डोकं टेकून बाहेरची झाडं बघत बसली.

विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये पालक आणि मुलं रांगेनं खुर्च्यांवर बसली होती. भरतेश गाडी लावायला गेला होता. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. तनूनं एकदा खिडकीकडं पाहिलं, मग ती हॉलकडं बघायला लागली. पलीकडं एक आई आपल्या दाढी फुटलेल्या मुलाला केळ्याचे वेफर्स भरवत होती. त्याच्यापुढं एक बाप मुलीच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि मुलगी अंग चोरून बसली होती. एक बाई डोळे मिटून पुटपुटत होती, “काही झालं तरी आम्ही आहोत, काही झालं तरी आम्ही आहोत.” सगळ्या मुलांचे डोळे सुजलेले आणि सगळ्या पालकांचे चेहरे लोण्याचे.

“आई,” तनू हळूच म्हणाली. “आज सगळ्यांना एकदमच कसं प्रेम आलं?”

पद्मजानं हातातली कागदपत्रं उगाच सारखी केली.

“तू पण सांगलीला जात होतीस ना? लसीकरणाच्या कामासाठी म्हणून. ते हेच?”

खोटं बोलावं असं पद्मजाला फार वाटलं. पण तिचा चेहरा आधीच बोलून बसला होता. “हो,” ती म्हणाली. “सरासरी वर न्यायची होती. नाटक होतं सगळं, तनू. तुझ्यासाठीच.”

“सगळं?”

“सगळं.”

तनू हसली. असं हसू पद्मजानं तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं गेलं, “तनिष्का भरतेश मगदूम आणि एक पालक.”

खोली छोटी होती. दोन खुर्च्या, एक टेबल, समोरच्या भिंतीवर पडदा. पडद्याच्या एका अंगाला चाचणीचे प्रश्न येत होते, दुसऱ्या अंगाला ताणरेघ. परीक्षक म्हणून एक तरुण बाई होत्या, डॉक्टर सामंत. “बोललात तरी चालेल, गप्प बसलात तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “उत्तरं तिची तिनं द्यायची. तुम्ही फक्त सोबत करायची.” आणि त्या काचेपलीकडच्या आपल्या जागी जाऊन बसल्या. आतलं बोलणं तिकडं ऐकू जात नव्हतं, रेघ तेवढी दिसत होती.

पद्मजानं तनूच्या हातावर हात टेकवला. दाबला नाही, थोपटला नाही. ज्या हातानं शेकडो जनावरं निवली होती त्या हाताखाली पोरीची कातडी आक्रसली. रेघ हलली, ती वर.

“बाळा, काही झालं तरी आम्ही—”

“ते वाक्य नको,” तनू पडद्यावरचा प्रश्न सोडवत म्हणाली. “बाहेर ऐकलंय ते मी.”

एक प्रश्न गेला, दुसरा आला. रेघ घरच्या सरासरीच्याही वर रेंगाळत होती. असंच राहिलं असतं तर वजाबाकीत शून्याच्या खालचा आकडा आला असता. समुद्र पलीकडं होता, जागा टेबलापलीकडं होती, आणि मधे आपण बसलोय, हे तिला दिसत होतं.

“आई, एकच विचारते,” तनू म्हणाली. तिचं बोट पडद्यावर होतं, नजर रेघेवर. “ती मुंबईच्या जागेची गोष्ट. ती पण क्लासमधली?”

“हो. ती पण खोटीच. रचून सांगितली.”

रेघ खटकन वर उडाली. पद्मजाला पहिल्यांदा त्या यंत्राचा राग आला आणि लगेच त्याची भीती वाटली. आपली मुलगी काय समजते हे तिला अठरा वर्षांत कधी असं भिंतीवर लिहिलेलं दिसलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “खरी आहे ती. जागा लागली होती, सोडली. आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढत आलेय. या आठवड्यात नाही, आधीपासून. या आठवड्यात नुसता मोठ्यानं काढला.”

रेघ थरथरली, जागेवर थांबली. खाली मात्र आली नाही.

“मला लहानपणापासून वाटायचं, माझं काहीतरी चुकतंय,” ती सावकाश म्हणाली. “काय ते कळायचं नाही. आता कळलं. माझं असणंच चुकलं.” मग तिनं उत्तराचा चौकोन दाबला आणि म्हणाली, “मी इथं लागले तर परत येणार नाही आई. सुट्टीला पण नाही. मी सगळं घेऊन आलेय. कपाटात काही ठेवलं नाही.”

तेव्हा पद्मजाला बॅगेतला स्वेटर आठवला. आणि त्याच वेळी तिला रेघ दिसली. ‘परत येणार नाही’ या शब्दांपाशी ती वळली होती आणि उतरायला लागली होती. थोडीशीच. तनूला कदाचित दिसली नसेल. पद्मजाला दिसली, कारण जनावराच्या अंगातला ताठा कुठं सुटायला लागतो ते ओळखण्यावर तिचं पोट होतं.

तिला म्हणायचं होतं, असं बोलू नको गं. तिला म्हणायचं होतं, दिवाळीला ये, नुसती ये, मी काही बोलणार नाही. गोठ्यात असं पुष्कळदा व्हायचं. दाव्याला हिसडे देऊन देऊन गळ्याला काच बसलेलं जनावर कुठल्याच हातानं शांत होत नाही. तेव्हा ती मालकाला सांगायची, सोडा दावं. मालक म्हणायचा, पळून जाईल की ताई. ती म्हणायची, जाऊ दे.

तिनं तनूच्या हातावरचा हात काढून घेतला.

“नको येऊस,” ती म्हणाली.

तनूनं वळून पाहिलं.

“खरंच सांगतेय. सुट्टीला नको येऊस, सणाला नको येऊस. तुला वाटलं नाही तर फोन पण करू नकोस. मी बोलावणार नाही. पप्पांनाही बोलावू देणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही, तनू. माझं चुकलं, आणि ते निस्तरायला तू घरी यायची गरज नाही.”

तनूचे खांदे खाली आले. आठवडाभर कानांपर्यंत चढलेले ते खांदे इतके खाली आले की ती एकदम लहान दिसायला लागली, डबक्यातले खेकडे बघणाऱ्या सातवीतल्या मुलीएवढी. पडद्यावरची रेघ उतरली आणि उतरतच राहिली. तिनं पुढचे प्रश्न भराभर सोडवले. आईकडं पुन्हा पाहिलं नाही.

डॉक्टर सामंत आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. “आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा धीरांक! अभिनंदन तनिष्का, जागा तुझी.” मग पद्मजाकडं वळून म्हणाल्या, “तुम्ही नेमकं काय केलंत हो? इतकं घट्ट नातं क्वचित बघायला मिळतं.”

“काही नाही,” पद्मजा म्हणाली.

बाहेर भरतेश पेढ्यांचा पुडा आधीच घेऊन उभा होता. त्यानं तनूला पेढा भरवला, तनूनं तो खाल्ला, त्याच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं. बॅग तिनं स्वतः उचलली. वसतिगृहाच्या पायऱ्यांपाशी ती थांबली, “सावकाश जा घाटातनं,” असं दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, आणि आत गेली.

गाडी सुरू झाल्यावर भरतेशला बोलायचा हुरूप आला. “सुटलो बाबा! आता सांगू या तिला, नाटक होतं म्हणून. उद्याच फोन करू. हसेल ती.”

“सांगितलंय मी.”

“मग? काय म्हणाली?”

उन्हं उतरायला लागली होती, जेवायची वेळ होत आली होती. भरतेशनं वाटेत कुठं थांबू या का विचारलं, ती नको म्हणाली. तिच्या मांडीवर फोन होता आणि फोनवर रेघ होती. तनूच्या हातात अजून कडं होतं, पहिलं सत्रभर राहणार होतं. विद्यापीठाच्या फाटकापाशी रेघ जिथं होती तिथून ती खाली आली होती. खाडीचा पूल ओलांडला तेव्हा आणखी खाली आली. गाडी जसजशी लांब जात होती तसतशी ती उतरत होती, आठवड्यात कधी नव्हती इतकी, बहुधा घरी कधीच नव्हती इतकी.

“कशी आहे गं ती?” भरतेशनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. “रडत असेल बघ. पहिला दिवस. फिरवू का गाडी? एकदा नीट भेटून येऊ. तुझं पण काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय मला.”

“छान आहे ती,” पद्मजा म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण तिनं डोळे रेघेवरून काढले नाहीत. “गाडी फिरवू नका. चालवा. कुठंही थांबू नका.”